एसीएलच्या ऑपरेशननंतर परत मॅटवर: कधी काय करायचं आणि काय अजिबात नाही

ज्याचं एसीएलचं, म्हणजे गुडघ्याच्या आतल्या लिगामेंटचं, ऑपरेशन नुकतंच झालंय किंवा तारीख मिळालीय आणि डोक्यात एकच प्रश्न फिरतोय की "परत कधी खेळणार", त्याच्यासाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही, फिजिओ पण नाही. कराडकडचा कबड्डीवाला आहे, राईट कॉर्नर खेळतो, म्हणजे रेडरला पकडणाऱ्या साखळीत उजव्या टोकाला. डावा गुडघा गेला. रेडरच्या मागे वळताना पाय मॅटवर चिकटल्यासारखा राहिला, वरचं अंग फिरलं आणि आतून टक्कन आवाज आला, मला कोणी हात पण लावला नव्हता. बऱ्याच जणांचं असंच होतं, धक्का न लागता.

घरी सोडताना मला एक झेरॉक्स दिली, त्यावर चार व्यायामांची पुसट चित्रं, आणि तोंडी सांगितलं "सहा महिन्यांनी खेळा". विषय संपला. मी घरी येऊन कालनिर्णयवर सहा महिने पुढची तारीख लाल पेनने गोल करून ठेवली. तो गोल चुकीचा होता एवढंच मला खरं तर सांगायचंय, बाकी सगळा त्याचा खुलासा आहे. पुढच्या पायरीवर कधी जायचं ते गुडघा काय करून दाखवतो त्यावर ठरतं. खाली मी आठवडे-महिने लिहिलेत पण ते "याच्या आधी नाही" असे वाचा, "या दिवशी नक्की" असे वाचू नका.

फाईल उघडा आणि दोन गोष्टी विचारून घ्या

एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना तिरकी बांधणारी दोरी. नडगीला पुढे सरकू देत नाही आणि गुडघा गर्रकन फिरायला लागला की आवरून धरते. सरळ रस्त्याने चालायला ती नसली तरी बऱ्याच जणांचं चालून जातं, म्हणून तर लोक दोन महिन्यांनी "आता बरंय की" म्हणत मैदानात उतरतात आणि पहिल्याच वळणाला गुडघा निसटतो. आता लिगामेंट तुटलं म्हणजे ऑपरेशन हवंच असंही नाहीये, स्वीडनमधे १२१ तरुणांवर केलेला एक अभ्यास २०१० साली आला, त्यात अर्ध्या लोकांना आधी नुसता व्यायाम दिला आणि अगदी गरज पडली तरच ऑपरेशन, तर त्या गटातल्या निम्म्याहून जास्त लोकांना दोन वर्षांत ऑपरेशन लागलंच नाही. पण कबड्डी, खो-खो, फुटबॉल असे कट मारायचे, म्हणजे पळता पळता एकदम वळायचे खेळ परत खेळायचे असतील तर सर्जन बहुतेक वेळा ऑपरेशनच सुचवतात. मला पण तेच सुचवलं.

तर विचारायची पहिली गोष्ट, ग्राफ्ट कुठून घेतलाय. जुनं लिगामेंट शिवून भागत नाही सहसा, त्याच्या जागी तुमच्याच अंगातली दुसरी शीर (रक्ताची नाही, स्नायू हाडाला बांधणारी, टेंडन) बसवतात, तोच ग्राफ्ट. कुणाची मांडीच्या मागची म्हणजे हॅमस्ट्रिंगची, कुणाची वाटीच्या खालची, कुणाची पायाच्या बाहेरच्या बाजूची पेरोनियस. मांडीच्या मागची घेतली असेल तर पहिले काही आठवडे टाच कुल्ल्याकडे जोर लावून ओढायचे व्यायाम करायचे नाहीत, कारण तिथे पण जखमच आहे. वाटीखालची घेतली असेल तर गुडघा टेकायला बरेच दिवस त्रास होतो.

दुसरी गोष्ट, गादी शिवलीय का. ही फार महत्त्वाची. गादी म्हणजे मेनिस्कस, गुडघ्यात दोन हाडांच्या मधे असते ती कूर्चेची चकती. ती शिवली असेल तर पायावर वजन कधी टाकायचं आणि गुडघा किती वाकवायचा याची बंधनं वेगळी असतात, बऱ्याचदा चार ते सहा आठवडे ९० अंशांच्या पुढे वाकवू देत नाहीत. आमच्याच टीममधला एकजण माझ्या आधी आठवडाभर ऑपरेशन होऊन आला, त्याची गादी शिवलेली, माझी नाही. मी कुबडी सोडली तेव्हा तो दोन कुबड्यांवर होता आणि रोज मला फोन करून विचारायचा "माझं काय चुकतंय रे". त्याचं काहीच चुकत नव्हतं. दुसऱ्याच्या गुडघ्याशी बरोबरी करू नका.

आणि एक घाबरवणारी पण साधी गोष्ट. टाक्याच्या खाली, नडगीच्या बाहेरच्या बाजूला हाताएवढा पट्टा बऱ्याचदा बधिर लागतो. तिथली बारीक नस छेद देताना कापली जाते. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, मी तीन दिवस पायाला लकवा मारला असं समजत होतो.

ऑपरेशनला अजून वेळ असेल तर

तेवढे आठवडे वाया घालवू नका. सूज उतरवा, गुडघा पूर्ण सरळ करून घ्या, मांडी मजबूत करा. सुजलेला, अर्धवट वाकलेला गुडघा घेऊन ऑपरेशनला गेलात तर नंतर तोच आखडतो. घरात आधीच सोय करा: प्लास्टिकची उंच खुर्ची, आणि संडास भारतीय पद्धतीचा असेल तर वर ठेवायची कमोड खुर्ची. हे लाजायचं काम नाहीये. उकिडवं बसणं कितीतरी महिने जमणार नाही.

पहिले दोन आठवडे: सरळ, सरळ आणि सरळ

सगळे विचारतात "किती वाकतो". पहिल्या दोन आठवड्यांत हा प्रश्न दुय्यम आहे. विचारायचं हे की पूर्ण सरळ होतो का, अगदी शून्य अंश, दुसऱ्या पायाएवढा.

घरी आल्यावर आईने पहिलं काम काय केलं तर गुडघ्याखाली मऊ उशी सरकवली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. चार दिवस मी तसाच पडून, मोबाईल बघत. पाचव्या दिवशी फिजिओ मॅडम घरी आल्या, उशी बघितली, काही न बोलता काढली आणि टॉवेलची गुंडाळी करून टाचेखाली ठेवली. आता गुडघ्याखाली काहीच नाही, नुसती हवा, आणि गुडघा स्वतःच्या वजनाने खाली जायला लागला. ठणका असा की डोळ्यातून पाणी. आई म्हणाली, "अहो मॅडम, पोराला दुखतंय." मॅडम म्हणाल्या, "काकू, आता दहा मिनिटं दुखू दे, नाहीतर हा जन्मभर लंगडेल." जरा नाटकी बोलल्या, पण मुद्दा खराय. वाकलेल्या गुडघ्याला आराम वाटतो आणि तो तसाच आखडतो. कधीकधी ग्राफ्टच्या पुढच्या बाजूला आत गाठीसारखं टिश्यू वाढतं, मग पाय सरळ करताना दारात दगड अडकल्यासारखा अडतो आणि ते काढायला परत दुर्बीण घालावी लागते.

म्हणजे रोजचं काम असं. टाचेखाली गुंडाळी, दहा मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. तसंच पडून मांडी आवळायची, गुडघ्याची मागची बाजू अंथरुणाकडे दाबायची आणि वाटी वर मांडीकडे सरकतेय का ते बघायचं, पाच सेकंद धरून सोडायचं. हे वाचायला बावळट व्यायाम वाटतो पण मला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो येतच नव्हता. मी मांडीकडे बघतोय, डोक्यातून ऑर्डर देतोय, मांडी ढिम्म. जसा लाईटचा बोर्ड आहे पण वायर तुटलीय. गुडघ्यात सूज असली की शरीर मांडीच्या पुढच्या स्नायूचं बटण बंदच करतं, त्यात तुमचा आळस नाही. मॅडमनी करंट देणारं छोटं मशीन लावलं, आणि सांगितलं की आधी चांगला पाय आवळ, मग दोन्ही एकदम, मांडीवर हात ठेवून. सातव्या दिवशी वाटी हलली. एवढा आनंद मला जिल्ह्याच्या फायनलला झाला नव्हता.

मांडी आवळता यायला लागली की मग पाय सरळ ठेवून वर उचलायचा. उचलताना गुडघा जरासा जरी वाकून लोंबला तर तो मोजायचा नाही, परत आवळण्यावर या. पंजा वर-खाली करायचा दर तासाला, पोटरीत रक्त साचू नये म्हणून. वाटीला बोटांनी चारी बाजूंना हलकं सरकवायचं, हे फिजिओकडून शिकून घ्या. टाच अंथरुणावरून घसरवत गुडघा वाकवणं चालू ठेवा, दोन आठवड्यांत ९० च्या आसपास आलं तरी पुष्कळ.

बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी टॉवेलमधे, १५-२० मिनिटं. थेट कातडीवर नको, आणि बधिर पट्ट्यावर तर अजिबात नको कारण भाजलं तरी कळणार नाही. मालिश नाही, लेप नाही, टाक्यांवर हळद नाही. गावातून तेल घेऊन येणारे चार जण तरी भेटतील, त्यांना चहा पाजा आणि पाठवा.

पोटरी दुखून, सुजून, गरम लागत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आणि त्याबरोबर किंवा एरवीही अचानक दम लागला, छातीत दुखलं तर सरळ इमर्जन्सी. ताप, टाक्यातून पाणी किंवा पू, दिवसागणिक वाढणारा ठणका, हे पण "उद्या बघू" वाले विषय नाहीत.

दोन ते सहा आठवडे: नीट चालायला शिका

इथे काम एकच, लंगडणं घालवायचं. लोक कुबडी लवकर टाकतात कारण ती घेऊन फिरायला लाज वाटते, आणि मग लंगडत चालायची सवय लागते जी सहा महिने जात नाही. दोन कुबड्या, मग एक, ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात, आजारी पायाच्या बाजूला नाही. टाच आधी टेकायची, गुडघा सरळ झाला पाहिजे, मग अंगठ्यावरून सुटायचं. मी आमच्या अंगणातल्या फरशीची रेघ धरून चालायचो आणि भाचा मोबाईलवर शूट करायचा. स्वतःला वाटतं झकास चाललोय, व्हिडिओत दिसतं बदक.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. एसटीची पायरी उंच असते, त्यामुळे पहिला महिना-दीड महिना एसटी टाळता आली तर बघा. बाईकचं विचाराल तर प्रश्न फक्त चालवण्याचा नाही, गाडी कलली तर त्या पायावर सगळं वजन झेलता येईल का हा आहे, आणि किक मारायची गाडी तर विसराच. डॉक्टरांना विचारा. मी दोन महिन्यांनी बसलो, ते पण सेल्फ स्टार्टच्या स्कूटीवर.

गुडघा ११० च्या आसपास वाकला की जागेवरची सायकल पूर्ण फिरते, ती मारा, सूज उतरायला पण मदत होते. भिंतीला टेकून थोडंसं बसायचं, टाचा उचलायच्या, छोट्या पाटावर चढ-उतार, एका पायावर तोल. पालथं झोपून दोन्ही पाय पलंगाच्या कडेबाहेर सोडा आणि कुणाला तरी मागून बघायला सांगा, दोन्ही टाचा एका उंचीला आहेत का. ऑपरेशनची टाच वर राहत असेल तर अजून सरळ झालेला नाही, तुम्ही कितीही सांगा.

सहा ते बारा आठवडे: सगळ्यात फसवा काळ

दुखायचं थांबतं. लोक विचारायचे थांबतात. तुम्ही चालताय, जिना चढताय, आणि आतला ग्राफ्ट मात्र याच काळात सगळ्यात कच्चा असतो. कारण असं की काढून बसवलेल्या शिरेला सुरवातीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, जुन्या पेशी मरतात, शरीर हळूहळू नवीन रक्तवाहिन्या आणि नवीन पेशी भरतं आणि त्या भानगडीत शीर ऑपरेशनच्या दिवशी होती त्यापेक्षा कमजोर होते. परत लिगामेंटसारखी व्हायला वर्षभर तरी लागतं, कधी जास्त. म्हणजे वेदना कमी आणि धोका जास्त असे हे आठवडे. भाच्याबरोबर अंगणात "हळूच" कबड्डी पण नाही. ओल्या शेतात, बांधावरून उडी मारत जाणं नाही. गणपतीच्या मिरवणुकीत नाचणं नाही (मला मोह झाला होता, खोटं कशाला बोलू).

याच टप्प्यावर बहुतेकांची फिजिओथेरपी बंद पडते. आमच्याकडे सेशनला ४०० रुपये, कराडला जाण्या-येण्याचा खर्च वेगळा, आणि घरचे म्हणतात चालतोय की आता. पैशाचं गणित मला मान्यय. पण मग पैसे पुरवून वापरा. सुरवातीला आठवड्यातून दोन-तीनदा जायचं आणि तिसऱ्या महिन्याला संपवायचं त्यापेक्षा घरचे व्यायाम घरी करा आणि फिजिओकडे दोन-तीन आठवड्यांतून एकदा जा, पण नवव्या-दहाव्या महिन्यापर्यंत जा. पळणं, उडी, वळण हे सगळं शिकवायचं बाकी आहे अजून, आणि ते झेरॉक्सवर नसतं.

ताकद आता खरी सुरू होते. जिम असेल तर लेग प्रेस, नसेल तर दप्तरात पाच किलो तांदूळ भरून पाटावर चढ-उतार, अर्ध्या बैठका, पूल म्हणजे पाठीवर झोपून कंबर उचलणं. तालमीतल्या पोरांना वाटतं बैठका मारल्या की झालं. नाही होत. दोन पायांवर बैठक मारताना शरीर गुपचूप चांगल्या पायावर वजन टाकतं, आरशात पण कळत नाही. मॅडमनी दोन वजनकाटे आणून एकेका पायाखाली ठेवले होते, मी म्हणत होतो "समान आहे", काट्यावर ४५ आणि २७. म्हणून एका पायाचे व्यायाम पाहिजेतच. आणि बसून पाय सरळ करायचं ते लेग एक्स्टेन्शन मशीन, जिमवाला सांगेल ते गुडघ्याला वाईट. फिजिओच्या सांगण्यावरून, आधी ९० ते ४५ एवढ्याच टप्प्यात आणि हलक्या वजनाने, ते करावं लागतं, कारण मांडीचा पुढचा स्नायू एकटा दुसऱ्या कशानेच तेवढा तयार होत नाही.

पळायला कधी

माझी चूक इथली. चौदावा आठवडा, सकाळी साडेपाचला ग्राउंडवर गेलो, कोणाला न सांगता. तीन राउंड हळू पळालो. काहीही दुखलं नाही, इतकं मस्त वाटलं की परत येताना मी गाणं म्हणत आलो. संध्याकाळी गुडघा नारळ. आईच्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधली टेप काढून मोजलं, वाटीच्या मधून, दुसऱ्या पायापेक्षा दोन सेंटीमीटर जास्त. अकरा दिवस गेले ते उतरायला आणि तेवढ्यात मांडी परत वाळली.

मॅडम ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "टेप कपाटात ठेवू नकोस आता, उशाशी ठेव." तेव्हापासूनचा नियम असा: नवीन काही केलं की दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या त्याच जागी, पाय सरळ ठेवून मोजायचं. एक सेंटीमीटर किंवा जास्त वाढलं असेल तर काल केलं ते जास्त झालं, दोन दिवस मागच्या पायरीवर. न वाढलं तर तेच परत करा, लगेच पुढे उडी नको. दुखणं खोटं बोलतं, सूज सहसा बोलत नाही.

पळायच्या आधी निदान एवढं पाहिजे: तीन महिने झालेत, सूज नाही, पूर्ण सरळ होतो, वाकायला जवळजवळ दुसऱ्या पायाएवढा, अर्धा तास झपाझप चाललं तरी सकाळी सूज नाही, आणि एका पायावर अर्धी बैठक दहा वेळा मारताना गुडघा आत पडत नाही. मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या ७० टक्के तरी. मग सुरवात एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, सपाट जागेवर, एक दिवसाआड.

उडी आणि वळण

पळणं स्थिर झालं की आधी उतरायला शिकायचं, मग उडायला. पाटावरून दोन पायांवर खाली, आवाज न करता. मॅडमचा शब्द "मांजरासारखं". गुडघे आत एकमेकांकडे जात असतील तर तीच चूक आहे ज्याने बहुतेकांचं लिगामेंट जातं. मग जागेवर उडी, पुढे उडी, मग लंगडी. हो, शाळेतली लंगडी. आधी सरळ, मग आडवी, मग आठच्या आकारात.

वळणं सगळ्यात शेवटी आणि तिथेही क्रम आहे, मोठा गोल, छोटा गोल, ४५ अंश, ९० अंश, आणि कुठे वळायचं ते आधी माहीत असताना. समोरच्याने हात दाखवला त्या बाजूला वळणं हे त्याच्या पुढचं, कारण मॅचमधे रेडर तुम्हाला आधी सांगत नाही.

परीक्षा

चार लंगडी उड्या असतात. एका पायावर एक उडी, सलग तीन, रेघेच्या इकडून तिकडे करत तीन, आणि सहा मीटर लंगडीने किती सेकंदात. प्रत्येक पाय वेगळा मोजायचा, खडूने खुणा करून. ऑपरेशनचा पाय भागिले चांगला पाय गुणिले शंभर. माझं आठव्या महिन्यात डावा १३५ सेंटीमीटर, उजवा १६०, म्हणजे ८४ टक्के. पाहिजे ९०. अंतराच्या उड्यांचा हा हिशेब, वेळेच्या उडीला उलटा करायचा, कारण तिथे कमी सेकंद म्हणजे चांगलं.

पण नुसत्या उड्यांवर जाऊ नका. कंबर आणि घोटा मिळून लांब उडी मारून देतात आणि मांडी मागेच असते, त्यामुळे मांडीची ताकद मशीनवर वेगळी मोजून घ्या, ती पण ९० पाहिजे. वर्षभर बसून चांगला पाय पण ढिला पडलेला असतो हे पण लक्षात ठेवा, ढिल्या पायाच्या ९० टक्के म्हणजे फार काही नाही.

एवढं सगळं कशासाठी? नॉर्वे आणि अमेरिकेतल्या खेळाडूंवरचा एक अभ्यास २०१६ ला आला. वळणाच्या खेळात परत गेलेल्यांपैकी ज्यांनी या परीक्षा पास केल्या नव्हत्या त्यांच्यात ३८ टक्क्यांना गुडघ्याला परत दुखापत झाली, ज्यांनी केल्या होत्या त्यांच्यात साडेपाच टक्क्यांच्या आसपास. आणि नवव्या महिन्यापर्यंत परतणं जितके महिने पुढे ढकललं, तितकं दर महिन्याला दुखापतीचं प्रमाण जवळपास निम्मं होत गेलं. नऊच्या आधी नाही असं जे फिजिओ सांगतात ते इथून. माझा लाल गोल सहावर होता.

लोक मग स्मृती मानधनाचं उदाहरण देतात, आपल्या सांगलीची म्हणून जास्तच. जानेवारी २०१७ ला ऑस्ट्रेलियात खेळताना तिच्या याच लिगामेंटला दुखापत झाली आणि जूनमधे वर्ल्ड कपला इंग्लंडविरुद्ध ९० मारले. खरंय. पण तिच्यामागे रोज बघणारी माणसं होती, आपल्यामागे आठवड्यातून एकदा बघणारं एक माणूस आहे, आणि क्रिकेटमधे कोणी घोटा धरून लटकत नाही. मी व्हॅन डाइकचं उदाहरण सांगतो, लिव्हरपूलचा फुटबॉलवाला. ऑक्टोबर २०२० ला गेला गुडघा, २०२१ च्या उन्हाळ्यात युरो म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा होती, स्वतः नेदरलँड्सचा कॅप्टन, तरी त्याने सोडली आणि ऑगस्टमधे नीट तयार होऊन आला. तालुक्याची स्पर्धा युरोपेक्षा मोठी आहे का राव?

डोक्याचं काय

परीक्षा पास होऊन पण कितीतरी जण परत त्याच लेव्हलला खेळत नाहीत. बऱ्याच अभ्यासांची बेरीज २०१४ ला आली होती, त्यात कुठलातरी खेळ परत खेळणारे ८१ टक्के, पण स्पर्धेच्या लेव्हलला परत जाणारे ५५. त्यात भीतीचा वाटा मोठा असतो. यासाठी बारा प्रश्नांची एक प्रश्नावली असते, फिजिओकडे मागा. माझी भीती अगदी ठराविक होती, डावीकडे मागे वळायचं. बाकी सगळं जमायचं, तिथे पाय आपोआप जड. "घाबरू नको" म्हणून ती गेली नाही, तेच वळण हळू, शंभर वेळा, रिकाम्या मॅटवर केलं तेव्हा गेली.

मॅटवर परत, माझा क्रम

आधी दोन आठवडे नुसतं एकट्याने, सात जणांच्या साखळीतल्या जागा, पावलं, समोर रेडर नाही. मग रेडर आहे पण शिवायचं नाही, सावलीसारखं त्याच्याबरोबर सरकायचं. मग उभ्या माणसाचा अँकल होल्ड, म्हणजे घोट्याची पकड, तो हलणार नाही असं सांगून. मग तो अर्ध्या जोराने सुटणार. मग पूर्ण. प्रत्येक पायरीला निदान तीन प्रॅक्टिस, आणि दरवेळी सकाळी टेप. रेडर असाल तर उलटं, तुम्हाला कोणी धरणं सगळ्यात शेवटी, आणि पहिल्यांदा धरणारा टीममधला डोकं शांत असलेला माणूस निवडा, कोणी नवखा उत्साही नको. मॅटवर शूज नवीन घेतले असतील तर ग्रिप जास्त धरते, ते आधी प्रॅक्टिसला मुरवा.

जिमचे एका पायाचे व्यायाम खेळ सुरू झाला की लोक सोडतात. आठवड्यातून दोनदा ते चालूच ठेवायचे, आणि प्रत्येक प्रॅक्टिसच्या आधी दहा मिनिटं उतरणं आणि वळणं. पंचविशीच्या आतले परत खेळायला लागले की साधारण चार-पाच जणांमागे एकाचं लिगामेंट परत जातं, याच नाहीतर दुसऱ्या गुडघ्याचं.

मी अकराव्या महिन्यात खेळलो. पहिल्या मॅचला कोचना सांगून ठेवलं होतं की फक्त दुसरा हाफ, त्यातली पण शेवटची दहा मिनिटं. चार रेड आल्या माझ्या बाजूला, एक पकड केली, एक सुटला. रात्री घरी येऊन पाय सरळ करून बसलो तर आईनेच टेप आणून दिली. अर्धा सेंटीमीटर. सकाळी परत मोजलं तर तेवढं पण नव्हतं.